सगळीकडून पुसा

खोटं तुम्ही बोललात. ठाण्याच्या दारात, पुढ्यात माईक, अंगावर कडक इस्त्री, चेहऱ्यावर माशीही न हलणारी शांतता. "संपाच्या दिवशी गोदामाच्या फाटकावर आमची गाडी गेलीच नव्हती," म्हणालात. "असा कुणी हमाल आम्ही पाहिलेला नाही. घरच्या कटकटीला कंटाळून निघून गेला असेल." निघून गेला असेल! त्याच्या बरगड्यांत बूट घालताना काय डोळे मिटून घेतले होते? केसांना धरून त्याला फरफटत नेलं, ते हात कुणाचे होते? मारणारे तुम्ही, उचलणारे तुम्ही, आणि वर कानांवर हात ठेवणारेही तुम्हीच. म्हणून ही गोष्ट आधी तुम्हाला. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावी.

त्या हमालाला एक धाकटी बहीण आहे. टायरवाला आणि बंद पडलेलं सलून यांच्या मध्ये तिचं बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान. सगळी गल्ली तिला बॅटरीवाली म्हणते. हातांवर ॲसिडचे पांढरे डाग, पँटला चाळणीसारखी भोकं, आणि जीभही त्याच ॲसिडात बुडवून काढलेली. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा हळू बोला की," तर ती म्हणायची, "मेलीय तुमची बॅटरी, मी का कुजबुजू?"

भावाला ती दादा म्हणायची, आणि अख्खं गोदामही दादाच म्हणायचं. गोदामातले हमाल, ड्रायव्हर, पॅकिंगच्या बायका, सगळे आधी जगासारखेच त्या एका मोठ्या साइटवर होते. तिथे कुणी मुकादमाच्या पट्ट्याने सुजलेल्या पाठीचा फोटो टाकला की चहा संपायच्या आत फोटो गायब. उत्तर यायचं, नियमांत बसत नाही. पट्ट्याचा वळ नियमांत बसत नव्हता, पट्टा बसत होता.

दादा एकदा वैतागून म्हणाला, "दुसऱ्याच्या ओसरीवर बसून त्यालाच किती दिवस शिव्या घालायच्या? आपलं घर बांधू."

घर बांधलं आतेभावाने. त्याला घरात टापटीप म्हणतात. छापखान्यात कंप्युटरवर पानं लावतो. जेवण झालं की ताट धुऊनच उठणार, कुणाकडे गेला तर खुर्ची होती तिथे सरकवून मगच निघणार, असा. त्याने शोधून काढलं की असं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ज्यात सगळ्यांचा मिळून एक मालक नसतो. प्रत्येकाचं आपापलं छोटं घर, म्हणजे आपापला सर्व्हर, आणि घराघरांत निरोपांची ये-जा. नर्सांचं एक घर, बोटींवर काम करणाऱ्यांचं एक, शिक्षकांचं एक, अशी शेकड्यांनी घरं आधीपासून होतीच. इकडे कुणी काही टाकलं की शेजारच्या घरांत त्याची प्रत जाऊन बसते. एक घर पाडलं तरी गोष्ट मरत नाही. दादाला हे इतकं आवडलं की तो आठवडाभर भेटेल त्याला धरून समजावत होता. वहिनी म्हणाली, "लग्नात माझ्याशी एवढं बोलला नव्हता."

मशीन ठेवलं दुकानाच्या मागच्या खोलीत. बॅटरीवालीने खालच्या रॅकवर दुरुस्त केलेल्या बॅटऱ्यांची रांग लावली, मशीन तिला जोडलं आणि छाती काढून सांगितलं, "वीज जाऊ दे, जग जाऊ दे, हे बंद पडणार नाही."

मग संप झाला. दादा फाटकावर उभा होता. फोन हातात, व्हिडिओ चालू, आणि तो थेट दुकानातल्या मशीनवर चढत होता. तुमची गाडी आली. तुम्ही उतरलात. पहिली काठी दादाच्या मनगटावर बसली, फोन खाली पडला, पण उताणा पडला. तिथून पुढचं सगळं जमिनीवरून दिसतं. गाडीचा नंबर दिसतो. तुमचा चेहरा, खालून दिसतो तसा, नाकपुड्यांसकट. दादाच्या तोंडावर बसलेला बूट दिसतो, त्याने दात थुंकलेला दिसतो. "टाका आत याला," हा तुमचा आवाज. आणि फरफटत नेलेला दादा गाडीच्या दाराशी हिसडा मारून उठतो, दोन्ही हात दाराला लावतो आणि स्वतःच्या पायांनी आत चढतो. मग कुणाचा तरी तळवा खाली येतो आणि अंधार.

तेवढाच पुरावा. दुसरा नाही. गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून फोन तपासायला सुरुवात केली. ज्याच्या फोनात व्हिडिओ सापडला त्याच्या नडगीवर लोखंडी नळी. पॅकिंगच्या एका बाईचा अंगठा त्यांनी दारात चेचला, कारण त्याच अंगठ्याने तिचा फोन उघडायचा. लोकांनी आपापल्या हातांनी पुसून टाकलं. कुणाला नावं ठेवायची? सगळ्यांना वाटत होतं, नेटवर्कवर आहेच की.

नेटवर्कवर होताच. पण तो बघायला माणसं अशी तुटून पडली की मशीन गुडघ्यावर आलं. शेजारच्या घरांत प्रती पहिल्याच दिवशी पोचल्या होत्या, पण आता पान उघडेना, व्हिडिओ चालेना, आमच्याकडून साधा निरोपही रखडत जाई.

"हत्ती आहे हा," टापटीप म्हणाला. त्या सॉफ्टवेअरला त्याने हत्ती नाव ठेवलं होतं. "खाणं प्रचंड. मोठ्या घराला ठीक आहे, आपल्या खोलीत बसला की आपल्यालाच उभं राहायला जागा नाही. दुसरं काहीतरी बघावं लागेल."

"मग बघ ना," बॅटरीवाली म्हणाली. "आरती ओवाळू का?"

तो बघायला लागला. छापखान्यातून सुटला की मागच्या खोलीत. अशी सॉफ्टवेअर बरीच होती, एकमेकांशी बोलणारी पण स्वभावाने वेगळी. वहिनी बाजूला बसायची. ती हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम करते, चादरींवरचे रक्ताचे डाग काढणं हा तिचा रोजचा धंदा. दादाला नेल्यापासून ती घरी थांबतच नव्हती.

"हा बघ, मोर," टापटीपने एक लावून दाखवलं. दिसायला देखणं, फोटो छान, पण हत्तीपेक्षा दुप्पट खादाड.

"नाचायचंय कुणाला?" वहिनी म्हणाली. "पुढचा."

पुढचं कासव. जुन्या मशीनवरही शांतपणे चालायचं, पडायचं नाही. बॅटरीवाली खूश झाली. मग कळलं, त्यात व्हिडिओ धड चढत नाही.

"म्हणजे तोंड आहे पण डोळे नाहीत," वहिनी म्हणाली. "आपल्याला बोलायचं नाहीये रे, दाखवायचंय."

शेवटी सापडली मुंगी. एवढंसं सॉफ्टवेअर, हाताच्या पंज्याएवढ्या कंप्युटरच्या डब्यात मावणारं. टापटीपने नवा डबा आणला, मुंगी चढवली, दादाचा व्हिडिओ टाकून बघितला. चालला. तिघांनी तो पुन्हा एकदा पाहिला. दात थुंकण्याच्या जागी वहिनीने नेहमीप्रमाणे मान वळवली.

"पण एक अडचण आहे," टापटीप म्हणाला. "जुन्या पोस्टी मुंगीत येत नाहीत. हत्तीचं सामान तिच्या दारातून आत जात नाही. व्हिडिओ मी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलाय, तो येईल. बाकीचं इथेच राहील."

"राहू दे की. हत्तीपण ठेव कोपऱ्यात," बॅटरीवाली म्हणाली.

"एकाच पत्त्यावर दोन नाही चालत, ताई. हत्ती बंद करावा लागेल. नीट बंद करावा लागेल."

हा 'नीट' शब्द त्याच्या तोंडून रोज शंभरदा यायचा. तिने लक्ष दिलं नाही. तिथेच चुकलं.

आता जे झालं ते भर दुपारी झालं. पुढच्या बाजूला बॅटरीवाली एका ट्रकच्या बॅटरीचे टर्मिनल घासत होती. मागे वहिनी मुंगीवर बोटं फिरवत होती आणि टापटीप हत्तीसमोर बसून सूचना वाचत होता. गल्लीत बिननंबरची गाडी थांबली. चौघं उतरले. एकाने येताच शटर खाली ओढलं. दुसरा, रेड्यासारख्या मानेचा, काही न बोलता आला आणि त्याने लोखंडी नळी बॅटरीवालीच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज तिने आधी ऐकला, दुखणं मागून आलं.

"मागे," चौथा म्हणाला. साध्या कपड्यांत होता, पण तो चेहरा तिने खालून, नाकपुड्यांसकट, इतक्यांदा पाहिला होता की तिला ओळख विचारावी लागली नाही. साहेब, तुम्हीच होतात. नाही म्हणू नका, अजून जखम ओली आहे तुमची.

रेड्याने तिला वेणीला धरून मागच्या खोलीत ओढत नेलं. वहिनी उठायला गेली तर तिच्या तोंडावर उलट्या हाताची बसली. ओठ फाटला, ती भिंतीवर आपटून खाली बसली. टापटीप खुर्चीवरून उठला आणि अंगवळणी पडलेलं म्हणाला, "काय पाहिजे आपल्याला?"

"व्हिडिओ," साहेब म्हणाला. "कुठे कुठे आहे?"

टापटीप गप्प राहिला. त्याच्यासारख्या माणसाला गप्प राहणं किती जड गेलं असेल! त्यांनी त्याचा उजवा हात दाराच्या चौकटीत ठेवला आणि दार लावलं. मग उघडलं आणि पुन्हा लावलं. किंकाळी रस्त्यापर्यंत गेली असणार, पण टायरवाल्याकडे हवा भरायचं मशीन घरघरत होतं. किंवा घरघरत ठेवलं होतं, देव जाणे.

"डबा," टापटीप रडत म्हणाला. "आणि डिस्क. त्या खणात."

डबा रेड्याने जमिनीवर टाकून बुटाच्या टाचेने चिरडला. मुंगीच ती, कुरकुर आवाज झाला आणि संपली. ती अजून जन्मलीही नव्हती धड, शेजारच्या एकाही घराला तिची ओळख नव्हती. डिस्कवर नळीचे घाव घातले, आतली चकती चांदीसारखी चकाकली आणि काचेसारखी फुटली. बॅटरीवाली जमिनीवरून बघत होती. रेड्याचा गुडघा तिच्या पाठीवर होता. मनात एकच चाललं होतं, फोडा लेकांनो, फोडा. शेजारच्या घरांत प्रती आहेत. नर्सांकडे आहे, बोटवाल्यांकडे आहे. किती घरं फोडाल?

"आता ते मोठं," साहेब म्हणाला. "आधी मेन पाडा."

एकाने बोर्डावरचा खटका पाडला. पंखा थांबला, दिवा गेला. हत्ती चालूच राहिला. स्क्रीन निळसर उजेड टाकत होता.

"हे बंद का होत नाही?"

"बॅटऱ्यांवर आहे, साहेब," खटका पाडणारा म्हणाला.

रेड्याने नळी उचलली. आणि तेवढ्यात साहेब पुढे वाकला. स्क्रीनवर ओळी सरकत होत्या, एकीखाली एक. प्रत्येक ओळीत एका घराचं नाव आणि पुढे एक शब्द. पुसलं. पुसलं. पुसलं.

"थांब," साहेब म्हणाला. नळी हवेत थांबली. "हे काय चाललंय?"

साहेबाने टापटीपचा चेचलेला हात धरला आणि दाबला.

"निरोप," टापटीप कळवळला. "निरोप चाललेत. सगळ्या घरांना. की आमचं इथलं सगळं पुसून टाका."

त्याच्या बोटांतून रक्त जमिनीवर ठिबकत होतं.

"काय केलंस तू?" बॅटरीवाली जमिनीवरून म्हणाली.

"बंद करायच्या आधी देतात हा हुकूम, ताई. लिहिलंय तसं. जाताना आपला पसारा कुणाच्या घरात राहू नये म्हणून. म्हटलं, मुंगीवर नवीन टाकणारच आहोत, मग जुन्या प्रती कशाला लोकांकडे… नीट बंद करावं…" आणि तो हुंदके द्यायला लागला.

"थांबव ते!"

"थांबत नाही. एकदा सुरू केलं की मागे घेता येत नाही. मशीन चालू आहे तोवर जातच राहणार."

साहेब हसला. तुम्ही हसलात. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे, इतके दिवस मला कुणी सांगितलं का नाही? मी आपला नळ्या घेऊन हिंडतोय." मग त्याने रेड्याच्या हातातली नळी काढून बाजूला ठेवली. "याला कुणी हात लावायचा नाही. मेन परत लावा. मध्येच दगा द्यायला नको. आणि या हुशार माणसाला पाणी पाजा रे. आपलाच माणूस आहे."

पंखा पुन्हा फिरू लागला. तुमचा माणूस खरंच पाणी घेऊन आला.

बघा, कशी वेळ आली होती. जे फोडायला आले होते ते राखण करत उभे होते. आणि जिने ते मशीन हातांनी उभं केलं, वीज गेली तरी मरू नये म्हणून एकेक बॅटरी निवडून लावली, तिला आता ते मेलेलं हवं होतं. वर एकेक ओळ सरकत होती. शिक्षक गेले. पुसलं. नर्सा गेल्या. पुसलं. तिला वाटलं, प्रत्येक ओळीबरोबर दादाचा एकेक हात त्या गाडीच्या दारावरून सुटतोय. सगळ्या ओळी सरकून गेल्या की दादा कधी चढलाच नव्हता त्या गाडीत. मग तो कधीच नव्हता.

तिने वहिनीकडे बघितलं. वहिनीच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, ती ते पुसत नव्हती. दोघी नणंद-भावजय आयुष्यभर मिठाच्या डब्यावरून भांडल्या होत्या, पण नजरेची भाषा त्यांना येत होती.

वहिनी उठली आणि रेड्यावर झेपावली. बाई कसली, मांजर. तिने त्याच्या कानाला दात लावले आणि सोडलेच नाहीत. रेडा ओरडत उठला, बॅटरीवालीच्या पाठीवरचा गुडघा सुटला. तिसऱ्याने वहिनीच्या कण्यावर नळी घातली, एकदा, दोनदा, तरी ती लोंबकळत राहिली आणि कान सोबत घेऊनच खाली आली. सगळीकडे रक्त. रेडा दोन्ही हातांनी डोकं धरून गोल फिरत होता.

बॅटरीवाली कोपरांवर सरपटली. एकाने तिच्या घोट्यावर उडी मारली. घोटा गेला. ती थांबली नाही. भिंतीला टेकवलेला हातभर लांबीचा पाना तिच्या धड हातात आला.

"मशीन!" साहेब ओरडला. "मशीन सांभाळा!" आणि तो स्वतःच मशीनसमोर हात पसरून उभा राहिला, लेकराला पाठीशी घातल्यासारखा.

पण ती मशीनकडे गेलीच नाही. ती खालच्या रॅककडे गेली. अख्खी रांग चार्जिंगला होती. अशा बॅटऱ्या गॅस सोडतात, तो दिसत नाही, वास येत नाही, पण ठिणगीची वाट बघत असतो. म्हणून त्या खोलीत ती कुणाला सिगारेट ओढू देत नसे, आपल्या दादालाही नाही. तिने डोळे मिटले आणि पाना रांगेतल्या जवळच्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर आडवा टाकला.

पांढरा उजेड झाला. मिटलेल्या पापण्यांतूनही पांढरा. पाना टर्मिनलला चिकटून लालभडक झाला, आणि मग बॅटऱ्या फुटल्या, एकीमागून एक. प्लॅस्टिकचे तुकडे, शिसं आणि ॲसिड. साहेबाचे पाय मांडीपर्यंत आणि अर्धा चेहरा भिजला. तो जे ओरडला त्याला शब्द नव्हते. एक माणूस भिंत धरून आंधळ्यासारखा चालत होता. पाणी आणणारा पाणी सांडून शटर उचलून पळाला. धुराने खोली भरली.

बॅटरीवालीचा डावा डोळा जळत होता. उजव्याने तिने वर बघितलं. स्क्रीन काळा होता.

ते आपल्या साहेबाला उचलून गाडीत घालून गेले. घाईत त्यांना एक कान मागेच राहिल्याचं लक्षात आलं नाही.

टायरवाल्याने तिघांना हॉस्पिटलात नेलं. वाटेत तो रडला, म्हणाला, "माफ कर, मी हवेचं मशीन मुद्दाम चालू ठेवलं होतं." ती म्हणाली, "कळलं होतं. आता गाडी चालव." डावा डोळा डॉक्टरांना वाचवता आला नाही. वहिनीच्या पाठीला पट्टा लागला. टापटीपची चार बोटं गेल्यातच जमा होती, तरी डाव्या हाताने तो वॉर्डमध्ये फोन घेऊन बसायचा. एकेक घर उघडून बघायचा. नर्सांकडे, नाही. शिक्षकांकडे, नाही. बोटवाल्यांकडे, हे पोस्ट उपलब्ध नाही. सगळ्यांनी निरोप मिळताच सभ्यपणे पुसलं होतं. सॉफ्टवेअर तसंच असतं, सांगितलं तसं वागतं. टापटीपसारखंच.

"मी मारलं त्याला, ताई," तो म्हणाला. "त्यांनी एकदा मारलं, मी सगळीकडून मारलं."

"गप बस," ती म्हणाली. तिला त्याचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं, आणि कुशीतही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीला हात चालत नव्हता. "पुढचं घर बघ."

घरांच्या यादीत शेवटी शेवटी एक घर होतं ज्याच्यापर्यंत निरोप पोचलाच नव्हता. कुठल्या देशातलं तेही धड कळेना. तिथली माणसं कबुतरं पाळतात आणि दिवसभर कबुतरांबद्दलच लिहितात. त्यातल्या एकाने कधीतरी संपाबद्दल काही वाचून दादाचं अकाउंट जोडून घेतलं असणार. पिवळ्या चोचींच्या फोटोंच्या मध्ये दादा पडला होता. दाबलं तर चालला. काठी, बूट, दात, नंबर, आवाज, दाराला लावलेले दोन्ही हात. सगळं जागेवर.

घर चालवणाऱ्याला टापटीपने मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'मला वाटलं चुकून आलंय. कबुतरवाले घाबरतात बघून. काढणार होतो. ठेवू का?'

'ठेव,' टापटीपने लिहिलं. 'हात जोडतो. आणि अजून चार जणांना दे.'

वहिनीने फोन हातात घेतला आणि यावेळी दात थुंकण्याच्या जागी मान वळवली नाही. मग तिने बाकीचं मागितलं. दादाच्या इतर पोस्टी. दुपारच्या सुट्टीत तो गाणी म्हणायचा, ती. मुकादमाची नक्कल करायचा, ती. तिच्या वाढदिवसाला त्याने सगळ्या गोदामासमोर लिहिलेलं, ज्यावरून ती दोन दिवस लाजून रागावली होती, ते.

"ते नाही राहिलं, वहिनी," टापटीप म्हणाला. "ते हत्तीबरोबर गेलं. कबुतरवाल्यांकडे एवढंच."

"म्हणजे हसतानाचा एकही नाही?"

टापटीपने यादी पुन्हा एकदा वरखाली केली.

"मार खातानाचा तेवढा राहिला," ती म्हणाली, आणि फोन उपडा ठेवला.

म्हणून त्या दोघी ठाण्यात आल्या, साहेब, तमाशा करायला नाही. एक काठी टेकत, एक पट्ट्यात ताठ. दारावरच्या शिपायाने अडवलं तेव्हा बॅटरीवालीने डोळ्यावरची पट्टी वर केली आणि म्हणाली, "नीट बघ आणि मग अडव." तो बाजूला झाला. मागून हमाल आले, पॅकिंगच्या बायका आल्या, अंगठा चेचलेली ती सगळ्यांत पुढे. या वेळी प्रत्येकाच्या फोनात व्हिडिओ होता आणि प्रत्येकाने फोन उंच धरला होता. एकाच वेळी चालू केला. तुमच्याच आवाजाने तुमचं ठाणं भरलं. टाका आत याला. टाका आत याला.

तुम्ही आतून बाहेर आलात. अर्ध्या चेहऱ्यावर मलमपट्टी. आधी म्हणालात, "बनावट आहे." वहिनी म्हणाली, "चेहराही बनावट का? अर्धा तर अजून शाबूत आहे, लावून बघू शेजारी." मागे कुणीतरी हसलं. मग म्हणालात, "चौकशी होईल." मग म्हणालात, "कायदा हातात घेतलात, स्फोट केलात, तुम्हाला आत टाकीन." बॅटरीवाली म्हणाली, "टाका. गाडी तीच आणा, मला वाट तरी कळेल."

आणि मग ती टेबलाला टेकून उभी राहिली, आणि फाटकावरचा शेवटचा क्षण तिने तुमच्या तोंडासमोर धरला. तो आहे ना, बघा. उठतोय. हिसडा मारतोय. दोन्ही हात दाराला.

"मारलं ते आम्हाला दिसलं," ती म्हणाली. "बूट कुणाचा ते दिसलं. त्याचं उत्तर आज मागत नाही, त्याला वेळ आहे. पण हा माणूस तुमच्या गाडीत स्वतःच्या पायांनी चढलाय. जिवंत. माझा दादा आहे तो, हिचा नवरा आहे. चढताना दिसतोय, उतरताना कुठेच दिसत नाही. कुठे उतरवलात त्याला? खाली बघू नका, माझ्याकडे बघा. कुठे उतरवलात? बोला."